पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब देशमुख (जन्म : पापळ, अमरावती जिल्हा, २७ डिसेंबर १८९८, मृत्यू : १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील शेतकरी नेते, शिक्षणप्रसारक, बॅरिस्टर आणि राजकारणी होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारात १९३० ते १९३३ या काळात ते मंत्री होते. भारताच्या संविधान सभेचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते जवाहरलाल नेहरूंच्या सरकारात कृषी व सहकार या विषयांचे मंत्री होते. अमरावतीच्या लोकसभा मतदारांनी त्यांना सलग तीन सार्वत्रिक निवडणुकांत निवडून दिले. अमरावती येथील श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि दिल्ली येथील भारत कृषक समाज या दोन संस्थांचे ते संस्थापक होत. अकोला येथील कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

पंजाबरावांचा जन्म झाला त्या वेळी वऱ्हाड हा नावापुरता हैदराबादच्या निजामाचा, पण प्रत्यक्षात ब्रिटिशांच्या कारभाराखालील प्रदेश होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०२ मध्ये कायम भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे सोपवण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. पूर्वेकडील नागपूर भागात मालगुजारी पद्धत होती, तर वऱ्हाडात रयतवारीशी मिळतीजुळती जमीनधारा होती. त्यामुळे येथील शेतकरी आपल्या शेताचा खातेदार असे आणि सारा स्वतः भरत असे. आपल्या नावावरची जमीन त्याला विकता येत असे, तशीच गहाणही टाकता येत असे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला मोठी मागणी आली. रेल्वे आल्यानंतर अमरावती, अकोला आणि खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ-गावे झाली. सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. या व्यापाराने शहरे वाढली. परंतु ज्याच्या शेतात कापूस पिकत होता तो शेतकरी पेरणीच्या हंगामात सावकाराकडून कर्ज काढी आणि वेचणीनंतर माल त्याच्याच हवाली करी. भाव पडला किंवा पाऊस हुकला की जमीन सावकाराच्या नावावर जाई. शाळा, वकिली, नोकऱ्या आणि वर्तमानपत्रे ही शहरांतील थोड्या जातींच्या हाती होती. पंजाबरावांच्या पुढील कार्याचे कर्ज, शिक्षण आणि संघटना हे तीन प्रमुख विषय याच परिस्थितीतून आले.

बालपण आणि शिक्षण

पापळ हे अमरावती जिल्ह्यातील एक लहान शेतकरी गाव. वडील शामराव व आई राधाबाई यांचे घराणे शेती करणारे होते. त्यांचे मूळ आडनाव कदम आणि देशमुख ही वतनावरून आलेली ओळख होती. गावातील प्राथमिक शिक्षणानंतर पंजाबराव चांदूर रेल्वे, कारंजा लाड आणि अमरावती येथे शिकले. एका शेतकऱ्याच्या मुलाला माध्यमिक शिक्षण पुरे करण्यासाठी तीन गावे बदलावी लागली, हे त्या काळच्या ग्रामीण वऱ्हाडाचे सर्वसाधारण चित्र होते. अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले.

१९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला गेले. एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी एम.ए. ही पदवी घेतली. संस्कृत संशोधनासाठी असलेली त्या विद्यापीठाची व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना डी.फिल. पदवी दिली. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता; तो १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. याच काळात त्यांनी बॅरिस्टरची परीक्षाही पूर्ण केली. १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि अमरावती येथे वकिली करू लागले.

ब्राह्मणेतर शेतकरी कुटुंबातील तरुणाने वेदवाङ्मयावर परदेशी विद्यापीठात संशोधन करणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. मंदिरप्रवेश आणि देवस्थानांची संपत्ती या प्रश्नांवर पुढे जे वाद झाले, त्यांत धर्मग्रंथांचा आधार घेणाऱ्या सनातनी पक्षाशी बोलण्याची पात्रता या अभ्यासाने त्यांना दिली.

विवाह

२६ नोव्हेंबर १९२७ रोजी पंजाबरावांचा विवाह मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी झाला. वधू सोनार समाजातील होती. हा आंतरजातीय विवाह वऱ्हाडात बराच काळ चर्चेचा विषय राहिला. विमलाबाईंनी विवाहानंतर शिक्षण सुरू ठेवून कायद्याची पदवी मिळवली आणि स्त्रियांच्या संघटनांत व शिक्षणसंस्थेच्या कामात भाग घेतला. पतीच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत त्या अमरावतीतून लोकसभेवर निवडून आल्या आणि नंतर राज्यसभेच्याही सदस्य झाल्या.

अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न

अंबादेवी हे अमरावतीचे ग्रामदैवत. या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, अशी मागणी १९२७ मध्ये पुढे आली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्च महिन्यात झाला होता. मंदिराच्या पंचांमध्ये लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि वऱ्हाडातील ज्येष्ठ वकील गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचे वजन मोठे होते. पंचांनी मागणी मान्य केली नाही, तेव्हा सत्याग्रहाची तयारी सुरू झाली. पंजाबरावांनी या मागणीला उघड पाठिंबा दिला आणि सत्याग्रहाच्या बाजूने ते उभे राहिले.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. मंदिराच्या पंचांशी बोलणी करण्यास अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह काही काळ तहकूब ठेवण्याचे परिषदेत ठरले. लगेच मंदिरप्रवेश झाला नाही. परंतु सवर्ण शेतकरी समाजातील एक उच्चशिक्षित तरुण या प्रश्नावर आपल्या शहरातील प्रतिष्ठितांच्या विरोधात गेला, याची नोंद वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासात घेतली जाते. याच सुमारास अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावे व एका पंगतीत जेवावे, हा या वसतिगृहाचा नियम होता.

जिल्हा कौन्सिल

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शाळा, रस्ते, विहिरी आणि दवाखाने हे विषय त्या काळी जिल्हा कौन्सिलकडे असत. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणे, या दोन गोष्टींवर त्यांनी भर दिला. शिक्षणाच्या खर्चासाठी त्यांनी करवाढीचा मार्ग स्वीकारला. कराचा बोजा ज्या शेतकऱ्यांवर पडणार, त्यांच्याच नेत्याने तो सुचवावा, यावर टीका झाली. शाळा नसल्याची किंमत शेतकरी सावकाराच्या वहीत आणि कचेरीच्या कागदपत्रांत आधीच मोजत आहे, अशी त्यांची यामागील भूमिका होती.

प्रांतिक मंत्रिपद (१९३०–१९३३)

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली होती. शिक्षण, कृषी, सहकार यांसारखी सोपीव खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे असत, तर महसूल, अर्थ आणि पोलीस ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहत. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार घातला. पंजाबराव मात्र त्या वर्षीच्या निवडणुकीत मध्य प्रांत कायदे कौन्सिलवर निवडून आले आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मंत्री झाले. शिक्षण, कृषी, सहकार आणि सार्वजनिक बांधकाम ही खाती त्यांच्याकडे होती.

हा निर्णय त्यांच्या राजकीय जीवनातील वादग्रस्त निर्णयांपैकी एक मानला जातो. देशभर तुरुंग भरले जात असताना सरकारी पद स्वीकारणे काँग्रेसजनांना पटणारे नव्हते. दुसरीकडे, ब्राह्मणेतर चळवळीतील अनेकांप्रमाणे पंजाबरावांनाही मिळालेला अधिकार आपल्या समाजाच्या शिक्षणासाठी वापरण्याची संधी सोडणे योग्य वाटत नव्हते.

मंत्री म्हणून त्यांनी १९३२ मध्ये हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांच्या उत्पन्नाचे हिशेब सरकारी देखरेखीखाली यावेत आणि शिल्लक रक्कम शिक्षणासारख्या सार्वजनिक कामांसाठी वापरली जावी, हा त्याचा हेतू होता. सनातनी वर्तुळातून त्याला कडाडून विरोध झाला आणि विधेयक कायद्यात उतरू शकले नाही.

कर्जाच्या प्रश्नावर मात्र ठोस पाऊल पडले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. शेतसारा आणि कर्जाचे हप्ते रोख रकमेत ठरलेले असल्यामुळे तेवढीच रक्कम फेडण्यास शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापूस विकावा लागू लागला. या पार्श्वभूमीवर मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. अशा स्वरूपाचा कायदा करणारा हा ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला प्रांत होता. पंजाब व बंगाल या प्रांतांनी नंतर तसे कायदे केले. या कायद्याने स्थापन झालेली लवाद मंडळे ऋणको आणि धनको यांना समोरासमोर बसवून मूळ रक्कम व व्याज यांचा हिशेब तपासत, तडजोडीने रक्कम ठरवत आणि हप्ते बांधून देत. तडजोडीला धनकोंची संमती लागत असल्यामुळे कायद्याची शक्ती मर्यादित होती; तरीही सावकाराची वही प्रथमच त्रयस्थापुढे उघडली गेली. या कायद्याची मागणी आणि तयारी यांत पंजाबरावांचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. १९३३ मध्येच ते मंत्रिपदावरून बाहेर पडले.

श्री शिवाजी शिक्षण संस्था

मंत्रिपदाच्या काळातच, १९३२ मध्ये, पंजाबरावांनी अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी केली. त्याआधी अमरावतीत काढलेले मराठा हायस्कूल हा या कामाचा आरंभ होता. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ पासून रयत शिक्षण संस्थेच्या द्वारे आणि त्यापूर्वी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांच्या द्वारे जे काम केले, त्याच्याशी नाते सांगणारे हे वऱ्हाडातील काम होते. त्याचे घटकही तेच होते : तालुक्याच्या गावी हायस्कूल, त्याला जोडून वसतिगृह, आणि दोन्हींच्या खर्चासाठी शेतकऱ्यांकडून येणाऱ्या लहानमोठ्या देणग्या.

वसतिगृहांवर दिलेला भर परिस्थितीतून आलेला होता. खेड्यातील मुलाला शाळेचे शुल्क माफ झाले तरी शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर त्याचे शिक्षण चौथीच्या पुढे जात नसे. संस्थेचे नाव शिवाजी महाराजांचे असले आणि तिचा मुख्य आधार मराठा-कुणबी शेतकरी असला, तरी तिची दारे सर्व जातींना खुली ठेवण्यात आली.

१९४६ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि १९५४ मध्ये अकोल्यात संस्थेचे दुसरे मोठे महाविद्यालय निघाले. अमरावतीतील शिवाजी लोकविद्यापीठ हा ग्रामीण उच्च शिक्षणाचा वेगळा प्रयोग होता. १९५६ मध्ये भारत सरकारने देशात ज्या मोजक्या ग्रामीण संस्था चालवण्यास घेतल्या, त्यांत त्याचा समावेश झाला. पुढे शेती, विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक या शाखांची महाविद्यालयेही संस्थेने काढली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांतील अनेक गावांत पहिले हायस्कूल याच संस्थेचे होते.

वऱ्हाडात हा काळ एकाच वेळी चाललेल्या अनेक लोककार्यांचा होता. गाडगे महाराज कीर्तनांतून स्वच्छता आणि शिक्षण यांचा प्रसार करीत होते, तुकडोजी महाराज मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामसंघटनेचे काम करीत होते आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन अमरावतीजवळ तपोवनात कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. या वातावरणात खेड्यातील माणूस सार्वजनिक कामासाठी धान्य, जमीन आणि श्रम देऊ लागला. संस्थेच्या वाढीला त्याची मोठी मदत झाली.

संविधान सभा

पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून संविधान सभेत काँग्रेसच्या बाकांवर होते. मसुद्यावर सर्वाधिक दुरुस्त्या सुचवणाऱ्या सदस्यांत त्यांची गणना होते. त्यांचे सभेतील काम प्रामुख्याने दोन विषयांशी निगडित आहे.

पहिला विषय मागासवर्गांचा. अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव जागांची तरतूद मसुद्यात होती. परंतु शेतकरी व कारागीर अशा इतर मागासलेल्या समूहांचे काय, हा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा उपस्थित केला. केवळ परीक्षेतील गुणांवर नोकरभरती झाली, तर जे समाज पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले त्यांच्याच हाती प्रशासन राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारी सेवांत सर्व समाजांना लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान मिळावे, अशा आशयाची त्यांची दुरुस्ती सभेने स्वीकारली नाही.

दुसरा विषय नागरिकत्वाचा. ऑगस्ट १९४९ मधील चर्चेत त्यांनी नागरिकत्वाच्या मसुद्यातील तरतुदी फार सैल असल्याची टीका केली. कोठेही राहणाऱ्या आणि अन्य देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू व शीख व्यक्तींना भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. नेहरू आणि इतर सदस्यांनी धर्मावर आधारलेल्या निकषाला विरोध केला आणि दुरुस्ती नामंजूर झाली. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी उभे राहणारे पंजाबराव फाळणीनंतरच्या त्या काळात या मतापर्यंत आले होते. त्यांच्या चरित्रांत ही बाजू क्वचितच येते.

मागासवर्ग संघटन

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच सुमारास अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ स्थापन झाला आणि पंजाबराव त्याचे अध्यक्ष झाले. उत्तर भारतातील मागास जातींच्या संघटना आणि दक्षिणेतील व महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर परंपरा यांना एका व्यासपीठावर आणण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. १९५३ मध्ये काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला मागासवर्ग आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला, परंतु केंद्र सरकारने त्याच्या शिफारशी अमलात आणल्या नाहीत. काँग्रेसशी किती जवळीक ठेवावी, या प्रश्नावर महासंघात मतभेद होऊन बिहारचे आर. एल. चंदापुरी आणि पंजाबराव यांचे मार्ग वेगळे झाले. स्वतः सरकारात असलेल्या अध्यक्षाला सरकारवर दबाव आणणारी संघटना चालवणे अवघड होते.

विदर्भातील मराठा-देशमुख शेतकऱ्यांनी आपली नोंद कुणबी अशी करावी, या आग्रहाशीही पंजाबरावांचे नाव जोडले जाते. विदर्भातील कुणबी समाज मागासवर्गीयांच्या यादीत आला. मराठा आरक्षणाच्या नंतरच्या चर्चांत या इतिहासाचा उल्लेख वारंवार होतो.

केंद्रीय मंत्रिपद (१९५२–१९६२)

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजाबराव अमरावती पूर्व मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता. १९५७ मध्ये ते पुन्हा निवडून आले तेव्हा अमरावती द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग झाली होती आणि १९६२ मध्ये ती महाराष्ट्रात होती. अशा रीतीने एकाच जिल्ह्याचे तीन निवडणुकांत प्रतिनिधित्व करताना त्यांनी तीन वेगवेगळ्या राज्यांचे खासदार म्हणून काम केले.

त्यांचा उल्लेख अनेकदा भारताचे पहिले कृषिमंत्री असा केला जातो. काटेकोरपणे पाहता हा उल्लेख बरोबर नाही. अन्न व कृषी खाते प्रथम डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याकडे होते. त्यांच्यानंतर जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुनशी त्या पदावर आले. १९५२ पासून अन्न व कृषी मंत्रालयाचे मंत्रिमंडळ दर्जाचे प्रमुख क्रमाने रफी अहमद किडवई, अजितप्रसाद जैन आणि स. का. पाटील हे होते. पंजाबराव त्याच मंत्रालयात कृषिमंत्री या पदनामाने काम करीत, पण ते मंत्रिमंडळाचे सदस्य नव्हते. काही काळ सहकार हा विषय त्यांच्याकडे होता. लोकसभा सुरू झाल्यानंतर सलग दहा वर्षे शेतीशी संबंधित पदावर राहिलेले मंत्री हे त्यांचे खरे वैशिष्ट्य होय. त्या काळात त्यांचे वरिष्ठ मंत्री दोनदा बदलले.

या दशकात सरकारपुढील पहिला प्रश्न धान्यटंचाईचा होता. पंजाबरावांच्या नावाशी निगडित झालेला उपक्रम म्हणजे १९५३ मध्ये देशभर सुरू झालेली जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम. मिठाच्या पाण्यात बुडवून पोचट दाणे वेगळे केलेले बियाणे, उंच गादीवाफ्यांवर तयार केलेली रोपे, दोरी लावून ओळीत लावणी, एका ठिकाणी मोजकीच रोपे, सेंद्रिय व रासायनिक खतांचा एकत्र वापर आणि ओळींमधून कोळपणी, हे या पद्धतीचे टप्पे होते. बियाणे कमी लागे आणि उत्पादन वाढे; मात्र मजुरी, खत आणि पाणी यांची सोय असेल तेथेच ती टिकून राही. कापूस, ज्वारी आणि तूर पिकवणाऱ्या वऱ्हाडातील नेत्याने भाताच्या मोहिमेचे नेतृत्व केले, हा त्यांच्या पदाचा परिणाम होता. धान्यटंचाईच्या त्या वर्षांत दिल्लीचे लक्ष प्रथम अन्नधान्याकडे होते.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांना प्राधान्य मिळाले आणि १९५६ पासून अमेरिकेतून सवलतीच्या दराने गहू येऊ लागला. शहरांना स्वस्त धान्य पुरवण्याचे धोरण आणि शेतमालाला किफायतशीर भाव मिळावा ही शेतकऱ्यांची मागणी यांच्यातील ताण याच काळात स्पष्ट झाला. धोरणाचे अंतिम निर्णय मंत्रिमंडळात आणि योजना आयोगात होत. पंजाबरावांना तेथे मर्यादित अधिकार होता. सरकारबाहेर शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना उभी करण्याचा त्यांचा प्रयत्न या मर्यादेच्या संदर्भात पाहिला जातो.

भारत कृषक समाज

१९५५ मध्ये पंजाबरावांच्या पुढाकाराने भारत कृषक समाज या संस्थेची स्थापना झाली. व्यापारी आणि उद्योगपती यांची मंडळे सरकारपुढे आपले म्हणणे संघटितपणे मांडतात, तशी पक्षविरहित व्यवस्था शेतकऱ्यांसाठीही असावी, हा तिचा उद्देश होता. सभासद नोंदणी, प्रांतोप्रांती मेळावे, शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे आणि कृषक समाचार हे नियतकालिक ही तिच्या कामाची साधने होती.

या संस्थेचा सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे दिल्लीत भरलेला जागतिक कृषी मेळा. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्‌घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यासमवेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर उपस्थित होते. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही देशांची दालने एकाच मैदानावर उभी होती; प्रत्येक देश आपली शेतीव्यवस्था भारतीय शेतकऱ्याला दाखवण्यास उत्सुक होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर, दुग्धव्यवसायाची यंत्रे आणि सुधारित बियाणे तेथे प्रथमच जवळून पाहिली.

१९६२ च्या निवडणुकीनंतर बनलेल्या सरकारात पंजाबरावांचा समावेश झाला नाही. लोकसभा सदस्य म्हणून आणि आपल्या दोन्ही संस्थांच्या कामात ते अखेरपर्यंत कार्यरत राहिले. १० एप्रिल १९६५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ

पंजाबरावांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या कार्याशी निगडित प्रश्नावर विदर्भात मोठे आंदोलन झाले. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ स्थापन करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा ते अकोल्यास व्हावे, ही मागणी पुढे आली. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासून चालू होते आणि कोरडवाहू कापूस पट्ट्याच्या गरजा ऊस पिकवणाऱ्या बागायती भागापेक्षा वेगळ्या होत्या, असे मागणी करणाऱ्यांचे म्हणणे होते. १९६७ मध्ये हे आंदोलन पेटले. पोलिसांच्या गोळीबारात आंदोलकांचे प्राण गेले. १९६८ मध्ये राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ राहुरी येथे सुरू झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विदर्भासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ असे नाव देण्यात आले. पुढे ते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असे करण्यात आले. कापूस, ज्वारी आणि कोरडवाहू शेती हे त्याच्या संशोधनाचे महत्त्वाचे विषय आहेत.

मूल्यमापन

पंजाबरावांच्या राजकीय पदांचा काळ लांब असला तरी त्या पदांची सत्ता मर्यादित होती. द्विदल राज्यपद्धतीत अर्थ व महसूल ही खाती त्यांच्याकडे नव्हती, संविधान सभेत त्यांच्या प्रमुख दुरुस्त्या नामंजूर झाल्या आणि केंद्रात ते मंत्रिमंडळाबाहेरचे मंत्री राहिले. त्यांचे टिकाऊ कार्य मुख्यतः संस्थांच्या रूपाने उरले. श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकलेल्या शेतकरी कुटुंबांतील पहिल्या पिढीने वऱ्हाडातील शिक्षण, सहकार, वकिली आणि राजकारण या क्षेत्रांत प्रवेश केला. या प्रक्रियेत सत्ता प्रामुख्याने मोठ्या शेतकरी जातींकडे गेली आणि भूमिहीन मजुरांना तिचा लाभ तुलनेने कमी झाला, अशी टीकाही केली जाते.

कर्जाच्या प्रश्नाला त्यांच्या हयातीत कायमचे उत्तर मिळाले नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमरावती विभागातील कापूस उत्पादक जिल्हे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चेत आले. कर्ज, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि कापसाचा अनिश्चित भाव ही जी कारणे त्यांसाठी सांगितली जातात, तीच १९३० च्या दशकात लवाद मंडळांपुढे आलेल्या प्रकरणांमागेही होती.

स्मृती

महाराष्ट्र शासनातर्फे शेती क्षेत्रातील कार्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न पुरस्कार दिला जातो. मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्यांना व्याजात सूट देणाऱ्या योजनेला, तसेच अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या शहरात शिकणाऱ्या मुलांना वसतिगृह निर्वाह भत्ता देणाऱ्या योजनेला त्यांचे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या प्रसारासाठी राज्य शासनाने सुरू केलेले आणि अकोल्यात मुख्यालय असलेले जैविक शेती मिशनही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. २७ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत दरवर्षी साजरा होतो.